तपकिरी बेस गिटार

काशीद,
२ मार्च २०२५

ती. धर्माजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, आधी खुर्चीवर बसा. बसलात? केतनदादाने मला त्याच्या बेंजो पार्टीत घेतलंय! पार्टीतले दोघे कुरकुरले, तेव्हा दादा त्यांना म्हणाला की पोरगी हाय तं काय झाला, तिची बोटां बघा. पहिली लग्नाची हळद वाजवायचीय वीस एप्रिलला, मुरुडला. अट एकच, बेस गिटार माझी स्वतःची हवी.

पनवेलच्या दुकानात तीन पाहून आले. एक निळी, पाच तारांची, इतकी चमकते की तिच्यात बघून टिकली लावावी. दुसरी काळी, चार तारांची, बारीक मानेची. तिसरी कुणीतरी विकलेली, तपकिरी, कडेचा रंग उडालेला. माझा जीव निळीवर आहे. आई म्हणते, वर्षभर सुकट विकून जमवलंस ते चकाकीवर घालवू नकोस, मामाला विचार. तुम्ही वीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवलीत. याल का माझ्याबरोबर दुकानात? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून हा टपालाचा खटाटोप.

तुळशीमामीला नमस्कार. माझी नखं कुरतडून संपायच्या आत उत्तर धाडा.

तुमची
शिवानी

श्रीवर्धन,
८ मार्च २०२५

चि. शिवानीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी एवढ्यांदा हसलो की तुळशी हातातली भांडी टाकून धावत आली. शाबास! आमची पोर बेस वाजवणार, यंदा शिमग्याची पहिली बोंब माझी.

निळी विसर. पाचवी तार हळदीत कुणी ऐकणार नाही, आणि तसल्या गिटारीत बॅटरी असते, ती ऐन रंगात मान टाकते. दुकानात गिटार आधी अँपला लावूच देऊ नकोस. तिथला अँप लबाड, काहीही गोड करून दाखवतो. पट्टा गळ्यात घालून पंधरा मिनिटं उभी राहा. हळदीला चार तास उभं राहायचंय, खांदा भरून आला तर ती तुझी नव्हे. वल्हं सरळ आहे का ते आपण बघतो, तशी एक डोळा मिटून मानेवरून नजर टाक. मानेवरच्या प्रत्येक पट्टीवर, फ्रेटवर, तार दाबून बघ, खरखर नको. तुझा पंजा लहान, तेव्हा काळी घे.

मी मात्र येणार नाही. डॉक्टरांनी कानातली हाडं धरलीत, हलत नाहीत म्हणून सांगितलं, त्याला चार वर्षं झाली. कानाचं मशीन लावलं की अख्खा बाजार डोक्यात शिरतो, म्हणून ते कपाटात पडलंय. लोक ओरडून बोलतात त्याचं काही नाही. पण बोटाखाली तार हलताना दिसते आणि सूर येत नाही, ते मला सोसत नाही. म्हणून तर माझी गिटार देऊन टाकली. तुझी मला दाखवायला आणू नकोस, आणि हळदीलाही मला धरू नकोस. राग मानू नकोस, पोरी.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद न मागता मिळत राहतीलच.

तुझा
मामा

काशीद,
१९ मार्च २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

घेतली! आणि काळी नाही घेतली. शिव्या घालण्याआधी पुढचं वाचा.

तुम्ही सांगितलं तस्संच केलं. निळी पाच मिनिटांत उतरवली. तिची मान अशी झुकते की डावा हात तिला सावरण्यातच जातो. काळी सगळ्यात पास झाली. बांधून द्या म्हणणार, तेवढ्यात दुकानदार म्हणाला की तपकिरीपण बघून घ्या, स्वस्तात सोडतो. नजर टाकायला मी तिच्यावर वाकले, हनुवटी लाकडाला टेकली, आणि त्याने सहज जाडी तार छेडली.

मामा, तो सूर कानातून आलाच नाही! जबड्यातून वर चढला, दातांत, कपाळात भरला आणि कितीतरी वेळ राहिला. मी किंचाळलेच. मग दोन्ही कानांत बोटं घालून पुन्हा छेडायला लावली, तरी तेवढाच. काळीला हनुवटी टेकली, तर आला न आला तोच गेला. दुकानदार मला वेडी समजला असेल, समजू दे. तपकिरीची मान जरा जाड आहे, पंजा ताणतो, पण सरावाने जमेल. उरलेल्या पैशांत कव्हरही आलं.

तुमची कानातली हाडं धरलीत, जबड्याची नाहीत. तुम्ही नको म्हणालात तरी पाडव्याला आगरदांड्याहून लाँचने तिला घेऊन येते. ऐकू आलं नाही, तर तुमच्यासमोर पुन्हा गिटारीचं नाव काढणार नाही. खरं सांगू, मला भीती वाटतेय. पण येणार.

रागवा हवं तर, लोभ तेवढा कमी करू नका.

तुमची
शिवानी

श्रीवर्धन,
३१ मार्च २०२५

चि. शिवानीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू लाँच चुकेल म्हणून पळालीस आणि मी तुझ्याशी धड बोललोही नाही. रडणारा माणूस काय बोलणार! तुळशी आळीभर सांगत सुटलीय की ह्यांना ऐकू आला, ह्यांना ऐकू आला. सकाळपासून दोघेजण माझा जबडा बघून गेले.

हनुवटी टेकली ती निव्वळ तुझं मन राखायला. पहिला सूर आला तेव्हा वाटलं, तूच टेबल हलवलंस. दुसरा आला आणि मी गिटार दोन्ही हातांनी धरून ठेवली. चार वर्षांनी, पोरी. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे तुळशीला वाचून दाखवू नकोस. काळी घे म्हणणारा मी चुकलो, तुझी पारख माझ्याहून बरी.

वीस तारखेला मुरुडला येतो. केतनला तुझ्या शेजारी माझ्यासाठी एक खुर्ची ठेवायला सांग.

एक मात्र काल सांगायचं राहिलं. तिसरी तार उतरलीय. फार नाही, केसभर. मला स्पष्ट ऐकू आलं. लावून घे.

तुझा
मामा