ओदीलचा मासा आणि वाटाण्याचा गिलावा

आदरणीय सोलांज यांना,

एतिएनचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? डिजाँत अजून थंडी असेल, तेव्हा जपा. माझी प्रकृती ठीक आहे. डाव्या हाताची दोन बोटं भाजली आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. (लिहितो उजव्यानेच, पण कागद धरायला डावा लागतो हे आत्ता कळलं.)

ईस्टरआधीच्या उपवासात आमचं जुन्या स्वयंपाकाचं मंडळ जेवण करतं, सहाशे वर्षांपूर्वी करायचे तसं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातला शोद्युमे, म्हणजे आंबट पिवळ्या रश्शातला भाजलेला ब्रोशे मासा, नेहमी तुमच्या बहिणीकडे, आपल्या ओदीलकडे. ती गेल्यावरचं हे पहिलंच जेवण. अध्यक्षा बेर्त केक घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, की तुम्हाला त्रास नको, यंदा औषधवाले लाफार्ज मासा करतील. लाफार्ज कशातही साय घालतात. शिवाय पदार्थ एकदा घराबाहेर गेला की तिचं नावही त्या टेबलावरून जाणार. मंडळात मी वर्षानुवर्षं तोंड उघडलेलं नाही, पण म्हणालो, "मासा आमच्याकडूनच येईल." कोण बोललं ते बघायला बेर्तबाईंनी मागे वळून पाहिलं.

ओदीलला सगळं तोंडपाठ होतं, त्यामुळे मला मंडळाच्या पुस्तकातली जुनी कृती घ्यावी लागली. मासा सोन नदीतला, ताजा, दातांसकट. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण ओव्हन मोजायचं सुचलं नाही. शेपटी बाहेर राहिली. कापावी तर कृतीत अख्खा भाजून मग तुकडे करा असं स्पष्ट लिहिलेलं, आणि सरकारी नोकरीत माझी लेखी आदेश पाळण्यात हयात गेली. शेवटी दार अर्धवट लावून सुतळीने बांधलं. मग रश्शासाठी पाव काळपट होईपर्यंत भाजला, तर छतावरचा धुराचा भोंगा बोंबलू लागला. त्याला उशी बांधायला स्टुलावर चढलो, तेवढ्यात सुतळी जळाली आणि ओव्हनचं दार उघडलं. (बोटं तेव्हाची.)

पण खरा घोटाळा पुढे झाला. कृतीत म्हटलं होतं, 'वाटाण्याची प्युरे घ्या.' प्युरे कोणाला माहीत नाही? शाळेत आठवड्यातून दोनदा वाढायचे. वाटाणे शिजवले, मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटले, त्यात पाव, आलं, केशर आणि कच्च्या द्राक्षांचा आंबट रस घातला. पळी उभी राहिली. मी सोडली, तरी उभीच.

धूर पाहून बेर्तबाई शेजारून धावत आल्या. पातेल्यात डोकावल्या.

"अहो एतिएन, हा रस्सा आहे की भिंतीचा गिलावा?"

"वाटाण्याची प्युरे घातली. लिहिलंय तसंच."

"अरे देवा! त्या काळी प्युरे म्हणजे गाळलेलं पाणी! कट हो, कट! वाटाणे कुठे घालतात?"

"मग वाटाण्यांचं काय करायचं?"

"डुकरांना! नाहीतर नवऱ्यांना!"

आणि त्या इतक्या हसल्या की स्टुलावर बसल्या. मग मीही हसलो. या स्वयंपाकघरात बऱ्याच दिवसांत कोणी हसलं नव्हतं. नवे वाटाणे शिजवले, नुसता कट घेतला, रस्सा पातळ आणि पिवळाधमक झाला. मासा वेळेवर टेबलावर गेला, जेवणाच्या पत्रिकेत माशापुढे ओदीलचं नाव राहिलं आणि ताट रिकामं परत आलं. लाफार्जनीही दोनदा घेतला.

तर काळजी नसावी. गुडघ्याला शेक देत जा.

आपला,
एतिएन

ता. क. 'अगदी ओदीलच्या हातचा' असं सगळे म्हणाले. पण हल्ली मी काहीही केलं तरी लोक छानच म्हणतात. परवा माझा जुना कोटसुद्धा छान होता. मासा मी स्वतः चाखला, पण त्या दिवशी मला कशाचीच चव नीट लागत नव्हती.

ता. क. २. तुम्ही माझं आजवर एकदाही कौतुक केलेलं नाही, आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. म्हणून तुम्हालाच विचारतो आहे. रविवारी याल का? कोळ्याकडे मासा सांगून ठेवला आहे, या वेळी आखूड. बिघडला असेल तर तोंडावर सांगा. तिच्यासारखा झाला असेल तरी सांगा, पण जरा हळू.