न शोभणारं वर्तन

गुरुजी, परवा नांदेडला वकिलांच्या सभागृहात तुमची गोष्ट सांगितली. चर्चेचा विषय होता, कायद्यातले मोघम शब्द आणि हायकोर्टाला जाब विचारायचा कुणी. हल्ली पेपरात यावर काहीबाही येतं, टीव्हीवर भांडणं होतात. मी आपला मागच्या खुर्चीत, पंख्याखाली. एक तरुण वकीलबाई बोलून राहिल्या होत्या: जो शब्द कशालाही लागू होतो, त्याच्यावर माणसाला शिक्षा कशी द्यायची? आणि न्यायाधीशांनी कारणच लिहिलं नाही, तर ते मागायचं कुणाकडे? ऐकता ऐकता मी अहमदपूरजवळच्या रस्त्यावर, खडीच्या ढिगापाशी जाऊन पोचलो.

त्या बहात्तरच्या दुष्काळात शाळा ओस पडली होती. पोरं आईबापाबरोबर खडी फोडायला गेलेली. मी तुमचाच विद्यार्थी, नुकताच तुमच्या शाळेत मास्तर म्हणून लागलेला. तुम्ही म्हणालात, "पोरं येत न्हाईत तर आपण जाऊ. कवितेला काय छप्पर लागतंय?" हजेरीपट काखेत मारून निघालात. ढिगावर बसून तुम्ही कविता म्हणता, पोरं मागून म्हणतात, बाया त्याच ठेक्यावर हातोडा टाकतात. मग तुम्हीही हातोडा घेता. एक म्हातारी ओरडते, "गुर्जी, बोटं सांभाळा, खडू धरायचाय!" तुम्ही म्हणता, "हाव माय, पण खडू तरी कुठं उरलाय शाळेत!" आणि सगळा ढीग हसतो. पांढरी धूळ तुमच्या टोपीवर बसते. एवढी सुंदर शाळा मी पुन्हा पाहिली नाही.

कुणीतरी तक्रार केली, हेडमास्तरांना वरून विचारणा आली. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. अक्षर चांगलं म्हणून त्यांनी अहवाल लिहायला मला बसवलं. मी लिहिलं, शिक्षकाने मजुरांसोबत खडी फोडली. "एवढंच?" ते म्हणाले, "हे तर कौतुक वाटून राहिलंय. तू लई कविता वाचतोस, एखादा वजनदार शब्द घाल बाबा. मोघम राहू दे. मोघम असलं की कुणाचं नुकसान होत न्हाई." मी खिडकीबाहेर पाहत शब्द शोधला आणि जोडलं, 'हे वर्तन शिक्षकी पेशास अशोभनीय आहे.' खरं सांगतो, वाक्याला लय आली म्हणून मला आनंद झाला. तोच शब्द नियमांच्या पुस्तकात बसलाय आणि त्याच्यापायी नोकरी जाते, हे ठाऊक नव्हतं.

तुमची नोकरी गेली. तुम्ही लढलात. लातूर नवा जिल्हा झाला, जुन्या जिल्ह्यातून कागदांचे गठ्ठे ट्रकने आले, त्यात तुमची फाईलही आली. त्याच सुमारास हायकोर्टाचा निकाल लागला. दोन ओळी. वर्तन अशोभनीय होतं हे उघड आहे, हस्तक्षेपाचं कारण नाही. निकाल लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. त्यांच्यापुढेही ढीगच असेल, फायलींचा, आणि तिथे कुणी कविता म्हणत नसेल. पण अशोभनीय काय होतं? हातोडा? कविता? उन्हात बसणं? एवढं तरी लिहायचं होतं.

तुम्ही लेकीकडे उमरीला राहायला गेलात, तिथे मी एकदा आलो. तुम्ही म्हणालात, "हरल्याचं काय न्हाई रे. कशापायी हरलो तेवढं कुणी सांगावं. पोराला छडी मारायच्या आधी मी चूक दाखवायचो की न्हाई?" मी मान हलवली, चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला अजून दीड तास होता.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. परवा सभागृहात माईक मागे आला आणि मी उभा राहिलो. खडी सांगितली, फाईल सांगितली, दोन ओळी सांगितल्या. "मोठ्या खुर्चीतल्या माणसानं उत्तर दिलंच पाहिजे," म्हणालो, तेव्हा टाळ्या पडल्या. मग त्या वकीलबाईंनी मायेनं विचारलं, "आजोबा, तो शब्द पहिल्यांदा लिहिला कुणी होता?"

"शाळेतल्याच कुणीतरी," मी म्हणालो, आणि खाली बसलो.