मोकळा रकाना

सोलापूर, मंगळवार, संध्याकाळ

वकिलांनी आज दादाच्या अटकेचा कागद दाखवला. वेळ लिहिली आहे गेल्या बुधवारची, सायंकाळी सहा. दादाला तर त्याच्या दोन दिवस आधी, सोमवारी सकाळीच कारखान्यातून नेलं होतं. चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करायचं, असं घटनेतच आहे. केलं असतं तर? गुरुवारी कोठडीतच त्याचा जीव गेला.

खाली नातेवाईक म्हणून माझी सही. हवालदार म्हणाला होता, "सही करा, वेळ साहेब टाकतील." मी केली.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, रकाना मोकळा असला की तुमी कचेरीत लोकांचे अर्ज परत करता की."

उद्या चौकशीत सांगणार आहे, वेळेचा रकाना मोकळा होता. विचारतील, मग सही का केलीत? सही माझीच आहे. रोजच्यासारखी, स्वच्छ.