कोंबडखताचं वावर

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

दुर्गाच्या पायाला खुरपं लागलं. डावा पाय, घोट्याच्या चार बोटं वर. जखम दीड इंच, फार खोल नाही. वेळ साडेनऊ. मिरचीत खुरपणी चालू होती, मी दोन सऱ्या पलीकडे. लगेच सरीतली चिमूटभर माती घेतली, काडी-कचरा निवडला, जखमेवर दाबून धरली. दोन मिनिटांत रक्त बंद. बाप हेच करायचा, त्याचा बापही. ती म्हणाली, घरी जाऊन हळद लावते. म्हटलं, आधी ही सरी काढू. बारापर्यंत खुरपत होती.

याच वावरात मे महिन्यात चार ट्रॉल्या कोंबडखत टाकलं. माती कशी भुसभुशीत! अख्ख्या धावडा गावात अशी दुसऱ्या कोणाची नाही.

१० सप्टेंबर

पिल्लांचा सहावा दिवस. चार हजारांत मर फक्त तीन. पाण्यात अँटिबायोटिकची पावडर, अर्धा डोस.

जनावरांचे डॉक्टर एकदा म्हणाले होते, आजार आला तरच द्या, आणि द्याल तेव्हा पूर्ण द्या. आजार यायची वाट कशाला पाहायची? मी बावीस वर्षं रोज अर्धा डोस देतोय. शेडच्या वहीत तारीख, औषध, ग्रॅम — एक दिवस कोरा नाही. दहावी नापास आहे, पण औषधांची इंग्रजी माहितीपत्रकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. गाव उगाच डॉक्टर म्हणत नाही.

शेजारच्या वावरातला कडूबा आला होता. हरभऱ्याला कोंबडखत हवंय. दोन ट्रॉल्या ने म्हटलं. बांधावर ढीग घालून ठेवतो म्हणाला, पेरणीच्या आधी पसरवणार.

१३ सप्टेंबर

पाय सुजला. जखमेचं तोंड ओलं. तिला साखर आहे, म्हणून दुर्लक्ष केलं नाही — कपाटातली सिप्रोची गोळी सुरू केली. सकाळ-संध्याकाळ एक. अशा गोळीने अर्ध्या गावाच्या जखमा मी बऱ्या केल्यात.

१६ सप्टेंबर

ताप १०२.४. गोळीचा काही गुण नाही. सूज पोटरीपर्यंत. कडा काळ्या पडल्यात, वास येतो. भोकरदनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी सोडली, पाहिलं, परत बांधली — जालन्याला न्या म्हणाले. तिथे खाट बुधवारी रिकामी होणार.

१८ सप्टेंबर, बुधवार

नवीन जालन्यात, स्टेशनच्या बाजूचा दवाखाना. तिथल्या रुखसार मॅडम आमच्या पोरीच्या वयाच्या असतील. मला आधी मेडिकलवरून इंजेक्शनं आणायला पाठवलं. पाऊण तासाने आलो तेव्हा त्या दुर्गाच्या उशाशी स्टूल घेऊन लिहीत होत्या. सडलेला भाग आजच काढणार म्हणाल्या, पूही तपासणीला पाठवणार.

मग मला विचारलं, "काका, कोंबड्या आहेत ना तुमच्याकडे? त्यांना काय काय औषधं देता?"

शेजारच्या खाटेवर भोकरदनचा एक पेशंट. त्याच्या भावाने मला ओळखलं होतं. "अहो डॉक्टर, तुम्ही इथं कसे?" म्हणाला होता, सगळ्यांसमोर. त्याचे कान इकडेच.

म्हटलं, लसी. आणि जीवनसत्त्वं.

"बस? अँटिबायोटिक काहीच नाही?"

"बिलकुल नाही."

दुर्गा छताकडे पाहत होती.

२१ सप्टेंबर

तपासणीचा कागद आला. जंतू कोणत्या औषधाला मरतो, कोणत्या औषधाला मरत नाही याची यादी. अठरा नावं. सतरांपुढे 'आर' — म्हणजे उपयोग नाही. मॅडम समजावून सांगायला लागल्या. म्हटलं, मला वाचता येतं.

वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. टेट्रासायक्लिन — शेडची वही, २००२ पासून. सिप्रो — त्याचा सख्खा भाऊ कोंबड्यांच्या पाण्यात, २००९ पासून. निओमायसिनच्या घरातली तिन्ही. एकेक नाव माझ्या अक्षरात लिहिलेलं डोळ्यांपुढे येत होतं.

हे कागदावर नव्हतं, मी बाकावर बसून जोडलं. कोंबडी मरत नाही, जंतू अर्धा मरतो. उरलेला शिकतो. विष्ठेतून खतात, खतातून मातीत. मातीतून — माझ्या चिमटीत.

अठरावं नाव कोलिस्टिन. त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही. वेगळी तपासणी लागते, ती औरंगाबादला पाठवली. मॅडम म्हणाल्या, हे शेवटचं. मूत्रपिंडाला त्रास देतं, पण आजच सुरू करू.

२२ सप्टेंबर

कोंबड्यांना कोलिस्टिन द्यायला २०१९ साली बंदी आली. त्यानंतरही मला बिनलेबलाच्या पाकिटात मिळायचं. कुठून, ते इथेही लिहीत नाही. शेवटचं पाकीट या मार्चच्या लॉटला दिलं. मेमधलं खत त्याच लॉटचं.

२३ सप्टेंबर

मॅडमनी परत विचारलं. वऱ्हांड्यात, कोणी नसताना. आवाज खाली घेऊन. "काका, काही आठवलं का?"

नाही म्हटलं. एकदा नाही म्हटल्यावर हो कसं म्हणायचं?

दुपारी दुर्गाला चमच्याने पेज भरवत होतो. ती म्हणाली, "मॅडम चांगल्या हायत. त्यांना पावडरीचं सांगून टाका. रागवायच्या न्हाईत."

म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. तू पड.

"मला न्हाई कळत," म्हणाली. "तुम्हाला कळतंय म्हणून तर म्हणून राह्यले."

२६ सप्टेंबर

औषधाचा सहावा दिवस. ताप १०३. लघवी कमी. सूज गुडघ्याला टेकली. कडूबा भेटायला आला, सोबत घरचे पेरू. विचारलं, ढीग पसरवला का? दसरा झाला की, म्हणाला. बोलायला तोंड उघडलं होतं. त्याने दुर्गाला सांगितलं, "वहिनी, काळजी नका करू, आपला डॉक्टर घरचाच हाय." मी पेरू कापायला घेतले.

२८ सप्टेंबर

औरंगाबादचा कागद आला. 'आर'.

१ ऑक्टोबर

सकाळी अकराला पाय काढला. गुडघ्याच्या वर. सही मी केली. सही करताना अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर

ताप उतरला. ९९.

आज शेडची वही नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं होतं, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, मी पहिल्या दिवशी खरं बोललो असतो तर पाय वाचला असता का? दहा दिवस हाच प्रश्न घेऊन फिरत होतो. माझ्या एका 'नाही'मुळे पाय गेला, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी पानं उलटली. बराच वेळ.

"अक्षर सुंदर आहे, काका. खत किती जणांना दिलंत?"

"सात."

"त्यांना सांगितलं?"

वाटलं, घरी गेल्यावर सांगू. एकेकाला, व्यवस्थित, समजावून.

८ ऑक्टोबर

सुट्टी झाली. गाडी दारात. दुर्गाला मागच्या सीटवर बसवलं, कागद घ्यायला परत आत गेलो. येताना तिचा आवाज ऐकू आला, फोनवर कडूबाशी. "भाऊजी, तो ढीग पसरू नका. पावडरीचा हाय. आन् कोणाला काही लागलं तर माती न्हाई लावायची, साबणानं धुवा. बाकीच्या सहा घरांना बी मी सांगितलंय." मग म्हणाली, "न्हाई, ह्यांनीच सांगायला लावलं."

कागद गाडीत बसून वाचले. शब्द न् शब्द, सवयीने. पहिलं पान दाखल केल्या दिवसाचं, मॅडमच्या हातचं, इंग्रजीत. १८ सप्टेंबर, सकाळी ११.२०. रुग्णाने स्वतः सांगितले: कोंबड्यांच्या पाण्यात अनेक वर्षे रोज अँटिबायोटिक. जखमेवर त्याच खताच्या शेतातली माती.

खाली, दुसऱ्या पेनाने, ११.५०: पती नाकारतात.