अस्वलाची वेळ

बा, त्या सकाळी मी अंगण सारवलं, चुलीवर आंबील ठेवली आणि दारातून आपल्या मोहाच्या झाडाकडे पाहत बसले. ऊन त्याच्या शेंड्याला लागल्याशिवाय टोपली उचलायची नाही, हे तूच शिकवलंस. पहाटे गळालेली फुलं आधी अस्वल खातं, ऊन आलं की टेकडीवरच्या बांबूत परततं, मग आपली पाळी. "त्याचं त्याले खाऊ दे, बाई. आपल्यासाठी ठेवूनच जाते ते." लहानपणी मी एकदा घाई केली, तर तू टोपली हिसकावून घेतलीस आणि दिवसभर बोलला नाहीस. पुढे बाजारातल्या गुळाच्या पुड्यांच्या कागदांवरून मी वाचायला शिकले, पण छापलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा तुझा तो नेम मला पक्का वाटे.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ठेकेदाराची माणसं आली. दोन हिवाळ्यांत टेकडीवरचा बांबू ट्रकांतून निघून गेला. टेकडी भादरलेल्या डोक्यासारखी दिसायला लागली. दिवसभर कुऱ्हाडी आणि माणसांच्या हाका. अस्वलानं आता परतायचं कुठं, हे गावात कुणी बोललं नाही.

तर ऊन शेंड्याला लागलं. मी यांना म्हटलं, "जा आता. गेलं असंल ते."

"तुझ्या बाचं अस्वल घड्याळ पाहून चालते काय?"

"तुमच्यापेक्षा वेळेवर चालते."

हे हसत हसत टोपली घेऊन गेले. अजून मी दारात उभी आहे आणि हे मोहाच्या वाटेनं नाल्याकडे वळतात, पाठीवर ऊन आहे. मोहाजवळच्या झुडपात अस्वल निजलेलं आहे. हाक आली ती एकच.

लोक म्हणाले, "अस्वल पिसाळलं, बाई." मी मान डोलावली. आजवर मीही तेच सांगत आले. हे पत्र कुठं धाडणार? तुला तर वाचताही येत नव्हतं, म्हणूनच लिहिते. आदल्या दिवशी, ऊन चांगलं वर आल्यावर, त्याच झाडाखाली मी त्याची ओली विष्ठा पाहिली होती. ते जात नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तसं म्हटलं असतं, तर तुझं सांगणं खोटं पडलं असतं. मी यांना सांगितलं नाही.

यांना मसणात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात माणसं रडत असताना, मी मोहाखाली गेले. टोपली उचलून आणली. सांडलेली फुलं तिथंच राहू दिली.