शंभर फील्ड

दिग्रस, ३ ऑगस्ट १९६१

आज अकरा महिने झाले. माझी एकही स्लाइड चुकीची म्हणून परत आलेली नाही. आम्ही हिवतापासाठी तपासलेल्या रक्ताच्या काही काचा दर महिन्याला वरच्या प्रयोगशाळेत फेरतपासणीला जातात. शेजारच्या टेबलावरच्या काळेंच्या दोन-तीन परततात. ते म्हणाले, "बाई, एखादी चूक करत जा हो. तुमच्या शेजारी बसायची लाज वाटते." मी हसले नाही. बरं मात्र वाटलं.

डॉक्टरसाहेब म्हणाले, नागपूरच्या पुढच्या प्रशिक्षणाला इथून एकच नाव जाईल. कोणाचं ते बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

बाबांना अजून लिहीत नाही. आधी पक्कं होऊ दे.

५ ऑगस्ट

देवराव आला. खेडोपाडी घरोघर जाऊन तापकऱ्यांच्या बोटातलं रक्त काचेवर घेतो. अजून कायम झालेला नाही. माझ्याच गावचा, बाभुळगावला आमच्याच वस्तीतला. दारातूनच ओरडला, "जय भीम, ताई!" सगळ्यांच्या माना वर. मी नुसती मान हलवली.

"तोंडानं म्हना ना वं. इथं कायले भेता?"

काळे हसले.

त्याच्या स्लाइड पाहिल्या. रक्ताचा थेंब नको तितका जाड. एकीवर अंगठ्याचा ठसा. आपल्या माणसाने असं काम आणू नये.

१९ ऑगस्ट

एक स्लाइड परत आली. मी निगेटिव्ह लिहिलेली, वरच्या प्रयोगशाळेत तिच्यात जंतू सापडले. देवरावने घेतलेली. कोलामांच्या पोडावरची, रानातल्या वस्तीवरची जंगूबाई. मी निगेटिव्ह म्हटलं म्हणून तिला पुऱ्या गोळ्या मिळाल्याच नाहीत.

वाटलं, त्यांचंच चुकलं असेल. स्लाइड पुन्हा लावली. शहात्तराव्या फील्डला एक. ब्याऐंशीला दोन. स्पष्ट. शिकाऊ माणसालाही दिसावेत असे.

सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड; एका स्लाइडची अशी शंभर पाहायची, हा नियम. रजिस्टरात माझ्याच अक्षरात "१०० पाहिली". तिथवर मी गेले होते का? आठवत नाही.

२१ ऑगस्ट

दे. काल गोळ्या घेऊन पोडावर गेला होता. "उठून बसली होती, ताई. म्हने, आधी काऊन नाई देल्ल्या? मंग मी काय सांगू?"



२२ ऑगस्ट

डोळे तपासून घेतले. ठीक आहेत.

मग काळेंना म्हटलं, माझ्या गेल्या दोन महिन्यांतल्या निगेटिव्ह काढा. नाव-नंबर कागदाने झाका. मिसळा. मी पुन्हा वाचते. "कशाला? एक चुकली, विसरा." म्हटलं, माझं कुठे चुकतं ते मला पाहिजे. ते कुरकुरले, पण झाकल्या त्यांनीच.

२५ ऑगस्ट

वाचून झाल्या. आणखी दोन स्लाइडमध्ये जंतू. कागद काढले. दोन्ही दे.च्या. परत आलेली धरून तीन.

आधी खरं म्हणजे आनंद झाला. दोष स्लाइडचा, माझा नाही! पण उमरखेडकडचा एकजण याहून वाईट स्लाइड पाठवतो. त्याची एकही चुकलेली नाही. त्याच्या स्लाइडला मी कंटाळते, पण शंभर मोजते.

मी दुपारचा थकवा धरून चालले होते. वेळा पाहिल्या. तिन्ही सकाळच्या.

म्हणजे, नाव झाकलेलं असताना मला जंतू दिसले. नाव दिसत असताना नाही. त्याची काच हातात आली की चीड येते. आधी ठसा दिसतो, मग ती दारातली आरोळी ऐकू येते, आणि मी लवकर काच काढून टाकते. मी याला आजवर काटेकोरपणा समजत होते.

त्या दोन रुग्णांना गोळ्या रवाना. दे.नेच नेल्या.

२६ ऑगस्ट

चूक का झाली ते लेखी द्यायचं आहे. डॉ.सा. म्हणाले, "स्लाइड खराब होती असं लिहा. खोटं तर नाही." तसं लिहिलं तर नागपूरला माझं नाव जाईल आणि दे. कायम होणार नाही. त्यांनाही ते माहीत आहे.

सोमवारपर्यंत देते म्हटलं.

२७ ऑगस्ट, बाभुळगाव

सकाळच्या गाडीने आले. विहारात बायका भोवती जमल्या. नागपूरले कधी चाललीस? मी तर कोणाला सांगितलंच नव्हतं. आईला विचारलं.

"देवरावनं सांगतलं ना. म्हने, आपली ताई डाक्टरापरस बारीक पाह्यते. तुह्या बाबानं साऱ्या वस्तीले चहा पाजला."

बाबा नवीन सदरा घालून बसले होते.

जेवण गेलं नाही. आई म्हणाली, "दिग्रसले कोनी काही म्हनलं काय तुले?" कोणी नाही, म्हटलं.

२८ ऑगस्ट

लिहून दिलं. "स्लाइड जाड, पण वाचता येण्याजोगी होती. शंभर फील्ड पाहिली गेली नाहीत. दोष तपासणाऱ्याचा." खाली, कोणी न विचारता, बाकी दोन स्लाइडचे नंबर.

डॉ.सा.नी दोनदा वाचलं. "बाई, नागपूरचं काय होईल याचा विचार केलात?"

"केला."

"एकच कबूल केली असती तरी चाललं असतं."

"तीन आहेत, साहेब."

सही नेहमीपेक्षा ठसठशीत आली. संध्याकाळी बाजारातून ताठ मानेने खोलीवर आले. हा ताठा कुठला, ते तपासायला हवं. आज नको.

२ सप्टेंबर

वरून उत्तर नाही. नावाचंही ठरलेलं नाही. काळे दोन दिवस थट्टा करत नाहीत, ते मला आवडत नाही.

दे. आला. "जय भीम, ताई!" मीही जय भीम म्हटलं. फार मोठ्याने नाही. काळेंनी मान वर केली.

मग म्हटलं, "देवराव, काच कडेला धरा. ठसा उमटतो."

"धरतो ना वं. पन नागपूरले गेल्यावर आमाले इसरू नका."

त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

त्याची पहिली स्लाइड घेतली. ठसा होताच. चीडही आली, तशीच. नाव झाकायला कागद उचलला, आणि खाली ठेवला. नाव उघडं ठेवून शंभर मोजली. निगेटिव्ह.

लिहिलं नाही. पहिल्या फील्डवर परत आले. एक. दोन.