सही कुणाची घ्यायची

प्रिय चिमणे,

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू माझं अर्धं ऐकतेस आणि उरलेलं मनानं जोडतेस. शिवाय भिंतीलाही कान असतात म्हणतात, आमच्या इस्त्रीवाल्याला तर चार आहेत. म्हणून लिहिते आहे. वाचून फाडून टाक असं सांगणार होते, पण तू काही फाडायची नाहीस.

सासऱ्यांनी इकडे परदेशात थाटलेली लाँड्री ठीक चालली आहे. माझा गुडघा जिना चढू देत नाही, म्हणून मी दिवसभर काउंटरमागे बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर नजर ठेवते. बाकी सगळं सूनबाई बघते. माझा धाकटा वारला तेव्हा ही आता माहेरी जाणार असं सगळ्यांना वाटलं, मलाही. राहिली, तर मला वेगळाच संशय. ती गल्ल्याशी उभी राहिली की मी फडकं घेऊन तिथंच पुसत बसायचे. तिला ते कळत होतं. एक दिवस तिनं गल्ल्याची किल्ली माझ्यापुढं ठेवली आणि आत डाग काढायला निघून गेली. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मीच ती किल्ली तिला परत दिली. आता डोळे मिटून विश्वास ठेवावा असं माझ्याजवळ हे एकच माणूस आहे. माझ्यामागे दुकान आणि वरच्या दोन खोल्या तिला मिळाव्यात, नाहीतर थोरला सगळं विकेल आणि ही रस्त्यावर येईल, हे मी तुझ्याजवळ बोलले होते. फक्त तुझ्याजवळ.

आणि पुढच्याच आठवड्यात थोरला हजर. एरवी त्याला आईची आठवण यायला कुणाचं तरी लग्न लागतं. फळं घेऊन आला, माझ्या गुडघ्याला स्वतः मलम चोळलं, आणि चोळता चोळता म्हणाला की मृत्युपत्र वगैरे करायचं असेल तर वकिलाकडूनच करावं, त्याचा एक मित्र आहे, तो फीसुद्धा घेणार नाही. मी विचारलं, हे कुठून सुचलं? म्हणे सहज. चिमणे, मलम चोळताना सहज कुणाला मृत्युपत्र आठवत नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं.

तो मित्र आलाही. बसायच्या आधी त्यानं दुकानाची लांबीरुंदी डोळ्यांनीच मोजली. सूनबाई अजून तरुण आहे, उद्या तिनं दुसरं घर केलं तर, असं दोनदा म्हणाला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथं तर कोर्टच माझ्या दुकानाची पायरी चढून आलं होतं! मी अंगात कणकण आहे म्हणून त्याची बोळवण केली. आणि ठरवलं, वकील नकोच. सगळे एका माळेचे मणी.

मग मीच लिहिलं, चांगल्या ठळक अक्षरात. आता सही कुणाची घ्यायची? आमच्या धंद्यात सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त आहे, की ज्याच्या हातात कपडे जाणार त्याचीच सही घ्यायची, म्हणजे मागाहून कटकट नको. मी तीच शिस्त पाळली. दुकान जिच्या हातात जाणार तिला बोलावलं आणि साक्षीदार म्हणून माझ्या सहीखाली सही कर म्हटलं. तिनं वाचलंही नाही, आई म्हणाल्या म्हणून केली. दुसरी सही इस्त्रीवाल्याची. कागद ट्रंकेत ठेवला आणि मनात म्हटलं, बघा, वकिलावाचून काही अडतं का?

आमच्याकडे एक वकीलबाई काळा कोट टाकायला येतात. त्यांच्या खिशात कधी साधी चिठ्ठीसुद्धा सापडत नाही, मग माणूस ओळखायचा कसा? त्यामुळे माझा त्यांच्यावर आधीपासूनच राग. तरी राहवलं नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईनं असं असं केलंय, म्हणून आडून विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं, साक्षीदार कोण? मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी हातातला कोट परत काउंटरवर ठेवला. इकडच्या कायद्यानं म्हणे ज्याला मिळायचं त्यानंच साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं मिळणं रद्द होतं. कागद खरा, माझी सही खरी, पण सुनेच्या पदरात काही नाही, सगळं सरळ मुलाकडे. मी तिथंच मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. तिला कुणी लुबाडू नये म्हणून जपत होते, आणि मीच तिच्या हातानं तिचं घर काढून घेतलं होतं. तरीही जित्याची खोड, पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या वकिलाकडे जाऊन खात्री केली. त्यानं तेच सांगितलं, फक्त पैसे घेऊन आणि दुप्पट वेळ लावून.

तेव्हा आता नवं मृत्युपत्र त्या कोटवाल्या बाईच करताहेत. ज्यांना काही मिळणार नाही असे दोन साक्षीदार लागतात. एक त्यांच्या ऑफिसातली टायपिस्ट आहे. दुसरी कुणीतरी मला चांगलं ओळखणारी हवी, कारण थोरला नक्की म्हणणार की आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, सुनेनं लिहून घेतलं.

चिमणे, त्याला तूच सांगितलंस, हे मला कळलं आहे. कॉलेजची सगळी वर्षं तो तुझ्या घरी राहिला. त्यानं विचारलं असेल आणि तुला खोटं बोलता आलं नसेल. मी फार चिडले होते, तुझा फोन आला की मुद्दाम अंघोळीला जायचे. मग वाटलं, तो माझं ऐकणार नाही, सुनेचं तर नाहीच, वकिलाचं कशाला ऐकेल? पण मावशी खोटं बोलते असं तो जन्मात म्हणणार नाही. तू त्याच्या बाजूची आहेस, म्हणूनच मला तू हवीस. तुझ्यासाठी थोडं ठेवलं होतं, ते मी कालच काढून टाकायला सांगितलं. तू ये. एकेक ओळ वाच, मला उलटसुलट विचार, माझं डोकं जागेवर आहे का ते बघ. नाही पटलं तर सही न करता परत जा, मी अबोला धरणार नाही. पण सही केलीस, तर माझ्यामागे तो तुझ्याकडे येईल आणि विचारील, आणि तेव्हा तुला त्याच्या तोंडावर खरं सांगावं लागेल. कदाचित तो पुन्हा तुझ्या दारात यायचा नाही. एवढं मोठं मागते आहे, हे कळतंय मला. येशील ना?

तुझीच,
ताई